मेहर सिंगांच्या डाकोटात

डिसेंबर 1947. डाकोटात चढा, पण जपून. या विमानाचं शेपूट जमिनीला टेकलेलं असतं, त्यामुळे दारातून वैमानिकाकडे जायचं तर चढण चढावी लागते. पोत्यांना टेकून बसा. जवळजवळ तीन टन माल भरलाय. यावर हिशेबाने चालणारा कोणताही अधिकारी सही करणार नाही.

पुढे बसलेले सरदारजी म्हणजे एअर कमोडोर मेहर सिंग. काश्मीर आघाडीवरच्या हवाई मोहिमेचे प्रमुख. वय बत्तीस. हवाई दलात त्यांना 'मेहर बाबा' म्हणतात. नगरजवळच्या मेहेराबादच्या मेहेरबाबांशी त्यांचा काही संबंध नाही. हे आधीच सांगितलेलं बरं, नाहीतर मराठी माणसाचं लक्ष तिकडेच जायचं.

पूंछ दिसलं. शहराला शत्रूचा वेढा पडलाय. आत ब्रिगेडियर प्रीतम सिंग यांची पलटण आहे आणि हजारो निर्वासित आहेत. याच निर्वासितांनी सैनिकांबरोबर खपून धावपट्टी सपाट केली. तिच्या तीन बाजूंना ओढे आहेत आणि भोवती डोंगर. विमान वळण घेतं तेव्हा डोंगरउतार एवढा जवळ येतो की तुम्ही नकळत अंग चोरता. चाकं दाणकन टेकतात, पोती सरकतात, धूळ उडते, आणि ओढ्याच्या अलीकडे विमान थांबतं. तुमच्या शेजारून हवाई दलातले ज्येष्ठ अधिकारी सुब्रतो मुखर्जी उतरतात. नव्या पट्टीवरच्या पहिल्याच फेरीला ते स्वतः आलेत. पुढे इथे रात्रीही विमानं उतरतील, तेलाच्या दिव्यांच्या उजेडात. येताना तोफा नि दारूगोळा, जाताना जखमी आणि निर्वासित.

मेहर सिंगांना हे सगळं येतं कुठून? वाटेत थोडक्यात ऐकून घ्या. जन्म 1915, लायलपूर. 1934 मध्ये इंग्लंडमधल्या क्रॅनवेलच्या हवाई दल महाविद्यालयात प्रवेश, मग वायव्य सरहद्दीवर उड्डाणं. दुसऱ्या महायुद्धात अराकान आघाडीवर 6 क्रमांकाच्या स्क्वाड्रनचं नेतृत्व. हरिकेन विमानं जंगलावरून कमी उंचीवर उडवायची आणि जपान्यांच्या हालचालींचे फोटो आणायचे, हे काम. 1944 मध्ये त्यांना डीएसओ (डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस ऑर्डर) हा ब्रिटिश लष्करी सन्मान मिळाला. भारतीय हवाई दलात हा सन्मान मिळालेले ते एकटेच.

आता चला 24 मे 1948 ला, श्रीनगरला. आज तुमच्याबरोबर मेजर जनरल थिमय्या आहेत. लेह संकटात आहे. कारगिलच्या बाजूने टोळीवाले सरकतायत आणि जमिनीवरून कुमक वेळेत पोचणं अशक्य झालंय. लेहमध्ये लष्करी अधिकारी पृथी चंद मूठभर माणसांनिशी तग धरून आहेत. लडाखचेच इंजिनिअर सोनम नोरबू यांनी सिंधूच्या काठी वाळूत एक पट्टी तयार करून ठेवलीय. तिच्यावर आजवर एकही विमान उतरलेलं नाही.

झोजी ला खिंड मागे पडते. विमानात हवेचा दाब राखायची सोय नाही, पंखांवरचं बर्फ वितळवायचं यंत्र नाही, या वाटेचा हवाई नकाशाही नाही. तुमचं डोकं ठणकतंय, बोटं बधिर झालीत. खिडकीतून समोर पाहिलंत तर शिखरं आहेत. खाली नाही, समोर. विमानच त्यांच्या दऱ्यांतून वाट काढतंय.

खरी परीक्षा मात्र उतरताना आहे. लेहची उंची साडेअकरा हजार फूट. तिथली हवा समुद्रकाठच्या हवेपेक्षा सुमारे तीस टक्के विरळ. पंखांना तेवढाच आधार हवा तर विमान जास्त वेगाने जमिनीला लागतं आणि थांबायला जास्त लांबी घेतं. परत उठायचं तर इंजिनांची ताकदही कमी पडते. म्हणजे इथे चूक झाली तर ती दुरुस्त करायला वाव नाही. मेहर सिंग एकदा पट्टी न्याहाळतात आणि विमान खाली घेतात. वाळूचा लोट उठतो.

तुम्ही उतरता, तर लोक लांबूनच बघतायत. विमानासाठी काही जणांनी चारा आणल्याची गोष्ट लडाखमध्ये सांगतात. खरी असो, खोटी असो, ती सांगावीशी वाटते एवढं खरं. पुढच्या दिवसांत याच वाटेने सैनिक उतरत गेले आणि लेह वाचलं.

माझ्या मते मेहर सिंगांचं मोठेपण निव्वळ धाडसात नाही. धाडसी वैमानिक त्या काळात कमी नव्हते. एअर कमोडोरने जम्मूत बसून हुकूम सोडला असता तरी कुणी नावं ठेवली नसती. पण ज्या पट्टीवर आधी कुणी उतरलेलं नाही, तिथे पहिलं विमान स्वतः न्यायचं, हा त्यांचा नेम. म्हणून बाकीचे निमूट मागोमाग गेले.

त्याच वर्षी त्यांनी हवाई दल सोडलं. पुढे महावीर चक्र मिळालं, हवाई दलातलं पहिलं. 16 मार्च 1952 ला जम्मूहून दिल्लीकडे येताना वादळात सापडून त्यांचं लहान विमान कोसळलं. सदतिसाव्या वाढदिवसाला चार दिवस होते. ते विमानही तेच चालवत होते.