पंजावरून जुळवलेलं गोत्र

कार्ल लिनियसच्या ‘सिस्टिमा नॅचुरी’ची दहावी आवृत्ती 1758 साली निघाली. तिच्यात बगळा, करकोचा आणि क्रौंच हे तिघे ‘आर्डिया’ या एकाच प्रजातीत होते. पाय लांब, मान लांब, चोच लांब. एवढं साम्य पुरेसं ठरलं. पेलिकन, पाणकावळा, गॅनेट आणि फ्रिगेट पक्षी यांची अशीच मोट ‘पेलेकॅनस’मध्ये बांधलेली होती.

या मोटा पुढच्या अभ्यासकांनी सोडल्या, पण पायांवरचा भरवसा टिकून राहिला. बदकाच्या पायाची पुढची तीनच बोटं पडद्याने जोडलेली असतात. पेलिकन आणि पाणकावळ्याची चारही. ही दुर्मीळ खूण एकाच पूर्वजाकडून आली असणार, असं धरून चार जोडबोटांच्या सगळ्या पक्ष्यांचा एक गण झाला. बगळे, करकोचे, शराटी, चमचे दुसऱ्या गणात गेले.

या मांडणीला शूबिलने पेचात टाकलं. आफ्रिकेच्या दलदलीत राहणाऱ्या या पक्ष्याचं वर्णन जॉन गूल्डने 1850 मध्ये केलं. पाय करकोच्याचे, बोटं सुटी, चोच मात्र लाकडी खडावेसारखी जाड आणि टोकाला आकडी. पायांकडे पाहून त्याला करकोच्यांच्या पंगतीत बसवलं गेलं. 1957 मध्ये पॅट्रिशिया कॉटम यांनी त्याचा सांगाडा बारकाईने तपासला आणि त्यात पेलिकनच्या गणाची लक्षणं दाखवून दिली. तरीही बहुतेक ग्रंथांत तो करकोच्यांजवळच राहिला.

निवाडा जनुकांनी केला. 2008 मध्ये शॅनन हॅकेट आणि सहकाऱ्यांनी 169 जातींच्या पक्ष्यांच्या डीएनएची तुलना प्रसिद्ध केली. पेलिकनचे सर्वांत जवळचे नातलग निघाले शूबिल आणि हॅमरकॉप. कॉटम यांचं म्हणणं अर्ध्या शतकाने खरं ठरलं. चारही बोटं जोडलेला ट्रॉपिकबर्ड मात्र दूरच्या शाखेवर सापडला. म्हणजे तसा पंजा एकाहून अधिक वेळा स्वतंत्रपणे घडला होता.

भिगवणजवळ उजनीच्या पाण्यात चित्रबलाक, राखी बगळा आणि चमचा शेजारी शेजारी मासे टिपताना दिसतात. तिघेही एका घराण्याचे वाटतात. आजच्या वर्गीकरणात बगळा आणि चमचा पेलिकनच्या गणात आहेत, पाणकावळ्यांचा गण वेगळा झाला आहे आणि चित्रबलाकाच्या गणात फक्त करकोचेच उरले आहेत.