सातबारा नसलेल्यांची बाग

मराठीत गावाच्या आठवणींचे लेखन भरपूर आहे. वाडा, तुळशीवृंदावन, मामाचा मळा, चिंचेखालचा पार, नदीचा घाट. शाळेत हे धडे आपणही वाचले आणि त्यांवरच्या प्रश्नांना चांगले गुण मिळवले. घरी येऊन आजीला विचारले की वेगळेच कळायचे. वाड्यात ती मागच्या दाराने जायची. मळ्यात मजुरीला जायची. पारावर ती कधी बसलीच नाही, आणि नदीवर तिचा पाणवठा खालच्या अंगाला होता.

मग आपल्या लोकांची रम्य आठवण कुठून सुरू होते? नांदेड-लातूरच्या वस्त्यांत वाढलेल्या तिशी-पस्तिशीतल्या कोणालाही विचारून पाहा. बरेच जण शहरातल्या एखाद्या बागेचे नाव सांगतील. घसरगुंडी, झोके, रविवारची संध्याकाळ, कागदाच्या पुडीतले फुटाणे, परीक्षेच्या दिवसांत झाडाखाली केलेले पाठांतर. वरवर पाहता ही कोणाच्याही बालपणाची गोष्ट वाटते. माझे म्हणणे असे की या साध्या आठवणीमागे आपल्या चळवळीचा मोठा इतिहास आहे. तो माहीत नसेल तर ही बाग कोणी हिसकावून घेतली तरी आपल्याला कळणार नाही.

मी लातूरला शिकले. घरात एकच खोली होती, त्यामुळे अभ्यासाची जागा म्हणजे वस्तीजवळची बाग. एकदा नांदेड जिल्ह्यातल्या गावाहून आजी आली, तिला बागेत नेले. मी बाकावर बसले, ती बाकाखालच्या गवतावर बसली. वर बस म्हटले तर तिने आधी आजूबाजूला पाहिले आणि हळूच विचारले, "हितं बसलं तर कुनी उठवत न्हाई का?" बाकावर बसायला तिला बराच वेळ लागला. पुढे समाजशास्त्र शिकताना जातीच्या उतरंडीवर पुष्कळ वाचले, पण सार्वजनिक जागा म्हणजे काय, हे मला त्या प्रश्नातून जास्त समजले.

गावातला पारही म्हणायला सर्वांचाच असतो. त्याचा सातबारा कोणा एकाच्या नावावर नसतो. तरीही त्यावर कोणी बसायचे आणि कोणी समोर उभे राहायचे, हे जात ठरवत आली. मालकी सामाईक असली म्हणजे वापर सामाईक होतोच असे नाही. तो हक्क वापरून सिद्ध करावा लागतो. बाबासाहेबांनी हेच महाडला करून दाखवले.

4 ऑगस्ट 1923 रोजी मुंबई विधिमंडळात रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला. सरकारी पैशातून बांधलेले आणि चालवलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसेच शाळा, न्यायालये, कचेऱ्या आणि दवाखाने अस्पृश्यांना खुले करावेत, असे त्यात म्हटले होते. महाडच्या नगरपालिकेने 1924 मध्ये चवदार तळे खुले केल्याचा ठरावही केला. कागद तयार होता, पण तळ्यावर कोणी जाऊ शकत नव्हते. 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेबांनी हजारो लोकांसह जाऊन ते पाणी प्राशन केले. त्यानंतर सनातन्यांनी काय केले? शेण, गोमूत्र, दूध, दही घालून 108 घागरींनी तळे 'शुद्ध' केले.

बोले यांच्या ठरावातल्या यादीत बाग नाही. ती जागा संविधानाने भरून काढली. अनुच्छेद 15(2) मध्ये विहिरी, तलाव, स्नानघाट आणि रस्ते यांच्यासोबत 'सार्वजनिक राबत्याच्या जागा' असा शब्दप्रयोग आहे. राज्याच्या पैशातून पूर्णतः किंवा अंशतः राखलेल्या, किंवा सर्वसाधारण जनतेसाठी नेमून दिलेल्या अशा कोणत्याही जागेच्या वापराला धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांच्या कारणाने आडकाठी करता येत नाही. 29 नोव्हेंबर 1948 रोजी संविधान सभेत या कलमावर चर्चा झाली, तेव्हा एस. नागप्पा यांनी दफनभूमीचा प्रश्न काढला. सार्वजनिक पैशातून राखलेली दफनभूमीही या शब्दांत येते, असा खुलासा बाबासाहेबांनी केला. म्हणजे हा शब्द मुद्दाम व्यापक ठेवलेला होता. महापालिकेच्या बागेतला बाक त्यात बसतो. आजीच्या प्रश्नाचे कायदेशीर उत्तर तिच्या तरुणपणीच लिहिले गेले होते. ते तिच्यापर्यंत पोचायला पन्नास वर्षे लागली.

आपल्या मराठवाड्यात ही गोष्ट आणखी उशिरा आली. 17 सप्टेंबर 1948 पर्यंत नांदेड आणि लातूर निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. बोले यांचा ठराव मुंबई इलाख्यापुरता, त्यामुळे तो इथे लागूच नव्हता. हैदराबाद शहरात नामपल्लीला मोठी सार्वजनिक बाग होती. तिचे नाव 'बाग-ए-आम', म्हणजे सर्वांची बाग. पण मराठवाड्याच्या गावकुसाबाहेरच्या माणसाला हा 'आम' शब्द लागू करायला ना निजामाचे जहागीरदार तयार होते, ना गावचे पाटील-देशमुख. मुक्तिसंग्राम झाला, राजवट बदलली, पार मात्र ज्यांचा होता त्यांचाच राहिला.

म्हणून शहर महत्त्वाचे ठरले. लातूरची गंजगोलाई सगळ्यांना ठाऊक आहे. मध्ये गोल इमारत आणि चारी बाजूंना फुटणारे 16 रस्ते, प्रत्येक रस्त्याला आपापली बाजारपेठ. तिथे आपले लोक हमालीला, मजुरीला गेले. पण बाजारात उभे राहायचे तर काही विकायला हवे, नाही तर खिशात पैसे हवेत. बागेत यातले काहीच लागत नाही. ज्याच्याकडे जमीन नाही, दुकान नाही, दोन खोल्यांचे घर नाही, त्याला शहरात नुसते बसण्याचा अधिकार देणारी जागा बाग हीच आहे.

जमिनीवरून माणसाची जागा कशी मोजली जाते, याचे उदाहरण लातूर जिल्ह्यातच आहे. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला. सुमारे दहा हजार माणसे गेली. लातूर आणि शेजारच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली 52 गावे नव्या जागी वसवली गेली. घरे देताना जमीनधारणा पाहिली गेली. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंत जमीन असलेल्यांना 250 चौरस फूट, एक ते सात हेक्टरवाल्यांना 400, आणि त्याहून जास्त जमीन असणाऱ्यांना 750 चौरस फूट. भूकंपाने सर्वांची घरे सारखीच पाडली होती. पुन्हा उभी करताना मात्र जुना सातबारा उघडला गेला. मराठवाड्यात भूमिहीन म्हणजे प्रामुख्याने कोण, हे सांगायला नको.

आता आपल्याच काही कार्यकर्त्यांचा आक्षेप ऐकू. ते म्हणतात, "ताई, पोरांना नोकऱ्या नाहीत, गायरानाचे पट्टे मिळत नाहीत, अत्याचार थांबत नाहीत, आणि तुम्ही बागेच्या आठवणी काढता?" प्रश्न रास्त आहे. माझे उत्तर असे की आपली चळवळ मोकळ्या जागांवरच वाढली. 24 मे 1956 रोजी बुद्धजयंतीच्या सभेत बाबासाहेबांनी त्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये धम्म स्वीकारण्याची घोषणा केली, ती मुंबईच्या नरे पार्कमध्ये. धम्मदीक्षा झाली ती नागपूरच्या मोकळ्या मैदानावर. औरंगाबादला त्यांनी मिलिंद महाविद्यालय उभे केले, तेव्हा त्या परिसराला नागसेनवन हे नाव मिळाले. शिकण्याच्या जागेला 'वन' म्हणणे बौद्ध परंपरेला धरून आहे.

पालीत 'आराम' या शब्दाचा अर्थच बाग. संघाराम म्हणजे संघाची बाग. राजा बिंबिसाराने वेळुवन दिले, अनाथपिंडिकाने जेतवन दिले, वैशालीच्या आम्रपालीने आपली आमराई दिली. एक राजा, एक व्यापारी आणि एक गणिका, तिघांनी दान केल्या त्या बागाच. आणि ज्या संघासाठी त्या दिल्या, त्या संघात झाडूकाम करणारा सुनीत होता आणि न्हावी उपालीही होता. गाभाऱ्याला उंबरठा असतो आणि उंबरठ्यावर अडवणारा असतो. झाडाखालच्या सभेला तसे दार नसते. वस्तीतल्या विहाराभोवती चार झाडे लावा असे मी सांगते, त्यामागे हाच विचार आहे.

मोकळी जागा सर्वांना दिली की वर्चस्व ढिले होते, हे वरच्यांनाही पक्के माहीत असते. अमेरिकेतल्या बर्मिंगहॅम शहराचे उदाहरण घ्या. तिथल्या बागा गोऱ्या-काळ्यांसाठी वेगळ्या होत्या. न्यायालयाने त्या सर्वांना खुल्या करायला सांगितल्यावर शहराच्या कारभाऱ्यांनी 1962 मध्ये 67 बागा बंदच करून टाकल्या. काळी मुले झोक्यावर बसण्यापेक्षा आपलीही मुले घरी बसलेली त्यांना चालली. त्याच शहरातल्या केली इंग्रॅम पार्कमध्ये मे 1963 मध्ये शाळकरी मुले निदर्शनाला उतरली, तेव्हा पोलिसांनी त्यांच्यावर कुत्री सोडली आणि पाण्याचे फवारे मारले. महाडच्या 108 घागरी आणि बर्मिंगहॅमची कुलपे एकाच मनोवृत्तीतून आलेली आहेत.

आपल्याकडे तर नुसत्या नावासाठी रक्त सांडले. 27 जुलै 1978 रोजी विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळात झाला आणि मराठवाड्यातल्या वस्त्या पेटवल्या गेल्या. 4 ऑगस्टला नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीत पोचीराम कांबळे यांना मारण्यात आले. 25 नोव्हेंबर 1993 रोजी नांदेडमध्ये गौतम वाघमारे यांनी आत्मदहन केले. 14 जानेवारी 1994 रोजी नामविस्तार झाला, म्हणजे साडेपंधरा वर्षांनी. नांदेडच्या विसावा उद्यानात मुक्तिसंग्रामाच्या हुतात्म्यांचे स्मारक आहे, दर 17 सप्टेंबरला तिथे शासकीय ध्वजारोहण होते. ते योग्यच आहे. पण याच जिल्ह्यातल्या नामांतराच्या शहिदांची स्मृती मुख्यतः आपल्याच वस्त्यांनी, आपल्याच वर्गणीतून जपली. शहराच्या बागेत कोणाचे स्मरण होते, हेही सत्तेचेच मोजमाप आहे.

हा इतिहास डोळ्यांसमोर ठेवला तर लातूरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर पार्कमध्ये 14 एप्रिलला जमणाऱ्या गर्दीचा अर्थ कळतो. लेकरांना कडेवर घेतलेल्या आया, निळे फेटे, पुस्तकांचे गाळे, गाण्यांचा आवाज. कोणालाही न विचारता आपण तिथे असतो. 13 एप्रिल 2022 रोजी तिथे बाबासाहेबांच्या 70 फुटी पुतळ्याचे अनावरण झाले. 'स्टॅच्यू ऑफ नॉलेज' असे त्याचे नाव आहे. आपल्याला त्याचा अभिमान वाटतो, वाटायलाच हवा. पण ज्ञानाचा पुतळा म्हटल्यावर त्याच्या पायाशी वाचत बसणाऱ्या पोराला रात्री दिवा मिळतो का, पोरीला स्वच्छतागृह मिळते का, हे दरवर्षी तपासणे आपले काम आहे. पुतळ्याचे अनावरण पुढारी एका दिवसात करतात. बाग मात्र रोज वापरली तरच आपली राहते.

हे सगळे मागे पडलेल्या काळाचे आहे असे कोणी समजू नये. 1 जून 2023 रोजी नांदेड शहराला लागून असलेल्या बोंढार हवेलीत एका बौद्ध तरुणाचा खून झाला. गावात भीमजयंती साजरी केल्याच्या रागातून तो झाला, अशी फिर्याद आहे. त्याचे नाव तुम्हा सर्वांना ठाऊक आहे. शहरातल्या बागेत जयंती उत्साहात होते आणि तिथून काही किलोमीटरवर तीच जयंती जिवावर उठते. बागेतला हक्क गावच्या रस्त्यापर्यंत अजून पोचलेला नाही.

आता कामाचे बोलू. बाग ही आकाशातून पडत नाही. शहराच्या विकास आराखड्यात तिच्यासाठी आरक्षण टाकलेले असते. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम 1966 च्या कलम 127 प्रमाणे, दहा वर्षांत ती जमीन संपादित झाली नाही तर मालक खरेदी सूचना देऊ शकतो, आणि त्यानंतर 24 महिन्यांत कार्यवाही झाली नाही तर आरक्षण रद्द ठरते. म्हणजे नकाशावर हिरव्या रंगात दिसणारी बाग नुसत्या दिरंगाईने नाहीशी होऊ शकते. मंजूर लेआउटमध्ये राहणाऱ्यांच्या वाट्याला नियमाने खुली जागा येते. वस्तीला लेआउटच नसतो, त्यामुळे ती खुली जागाही नसते. आपल्याला आहे ती फक्त महापालिकेची बाग.

म्हणून नांदेड आणि लातूरच्या कार्यकर्त्यांनी तीन गोष्टी कराव्यात. आपल्या प्रभागाचा विकास आराखडा माहिती अधिकारात मागवावा, त्यातली बाग आणि मैदानाची आरक्षणे शोधावीत आणि त्यांची मुदत तपासावी. असलेल्या बागेला प्रवेश शुल्क लावण्याचा किंवा ती ठेकेदाराला देण्याचा प्रस्ताव आला तर सभागृहात येण्याआधीच हरकत घ्यावी. दहा रुपयांचे तिकीट काहींना किरकोळ वाटते, पण चार लेकरांच्या आईला ते बागेबाहेर ठेवते. आणि तिसरे, वस्तीतल्या म्हाताऱ्या माणसांना एकदा बागेत घेऊन जावे, बाकावर बसवावे आणि त्यांच्या गावच्या पाराची हकिकत लिहून घ्यावी. ती माणसे फार दिवस आपल्यात नाहीत, आणि हा इतिहास दुसरे कोणी लिहिणार नाही.

जयभीम!