मठांचे विसर्जन
ट्यूडर घराण्यातील दुसरा राजा आठवा हेन्री याला १५३४ च्या कायद्याने पोपऐवजी इंग्लंडच्या चर्चचा सर्वोच्च प्रमुख ठरवले, आणि पुढच्याच वर्षी त्याचा मंत्री टॉमस क्रॉमवेल याने चर्चच्या साऱ्या उत्पन्नाची मोजदाद करवून घेतली. १५३६ मध्ये वार्षिक २०० पौंडांपेक्षा कमी उत्पन्नाचे मठ, म्हणजे व्रतस्थ भिक्षू वा जोगिणी यांची निवासस्थाने, बंद करण्याचा कायदा झाला; मठवासीयांचा भ्रष्ट आचार हे त्याचे जाहीर कारण असले, तरी जप्त मालमत्तेच्या कारभारासाठी त्याच वर्षी स्वतंत्र महसुली न्यायालय स्थापन झाले, यावरून खरा हेतू पुरेसा उघड होतो. उत्तरेत हा घाव फार खोल गेला, कारण तेथे वाटसरूला आसरा आणि गरिबाला अन्न बहुधा मठातच मिळे. त्या शरद ऋतूत रॉबर्ट अ‍ॅस्क या वकिलाच्या नेतृत्वाखाली हजारो लोक ख्रिस्ताच्या पाच जखमांचे चित्र असलेले निशाण घेऊन उठले आणि माफीच्या आश्वासनावर विसंबून पांगले. हे आश्वासन राजाने पाळले नाही. नव्या उठावाचे निमित्त साधून १५३७ मध्ये अ‍ॅस्कला यॉर्क येथे फाशी देण्यात आली. १५४० पर्यंत मोठे मठही संपले. छपरांवरचे शिसे उतरवून वितळवले गेले, आणि जमिनी सरदार, दरबारी व सधन जमीनदारांनी अशा घट्ट धरून ठेवल्या की, १५५३ मध्ये गादीवर आलेल्या मेरी राणीने कॅथलिक पंथ पुन्हा प्रस्थापित केला, तरी त्यांच्याकडून त्या तिला परत घेता आल्या नाहीत.