बाळंतिणीची खोली

आमच्या बेळगावच्या जुन्या घरात माजघराच्या डाव्या हाताला एक छोटी खोली होती. तिला सगळे 'बाळंतिणीची खोली' म्हणत. मी लग्न होऊन आले तेव्हा तिथं धान्याची पिंपं होती, पुढं मुलांची वह्यापुस्तकं आली, शेवटी शिलाई मशीन आलं. तरी नाव बदललं नाही. "ती कात्री बघ गं, बाळंतिणीच्या खोलीत असेल," असं आम्ही सहज म्हणायचो.

गेल्या काही वर्षांत घराघरांतल्या सुना-लेकींची बाळंतपणं पाहिली, आणि वाटायला लागलं, या खोलीचा इतिहास कुणीतरी लिहायला हवा. राजेरजवाड्यांचा इतिहास पुष्कळ झाला. नवं बाळ आलं की घर कसं बदलतं, कोण सरकून जागा देतं, कोणाला सरकावं लागतं, हाही इतिहासच आहे. आणि तो आपल्या बायकांचा आहे.

खोली कशी होती ते आधी सांगते. बारा हात लांब, आठ हात रुंद. एक झरोका, तोही वर. मधे सुतळीची बाज, बाजेखाली शेगडी. सकाळी तेल लावून अंग रगडायचं, कढत पाण्यानं न्हाऊ घालायचं, मग ओवा-बाळंतशेपांची धुरी. बाळाला टोपरं-कुंची, बाळंतिणीच्या कानाला फडकं. जेवणात मेथी, सुंठ, डिंकाचे लाडू, अळिवाची खीर. इतर घरांत लसणाची फोडणी असे. आपल्याकडं कंदमूळ नाही म्हणून ओवा आणि शेपा यांच्यावर सगळी भिस्त. आमच्या सासूबाई, आम्ही त्यांना आक्का म्हणायचो, सांगायच्या, "बाळंतिणीचं अंग कच्चं असतं. तिनं पाण्यात हात घालायचा नाही, वारं अंगावर घ्यायचं नाही."

आमच्या शेजारणी कानडी. त्या बाळंतिणीला 'बाणंती' म्हणतात, बाळंतपणाला 'बाणंतन'. सीमेवरून पन्नास भांडणं झाली असतील, पण या एका खोलीत शिरलं की दोन्ही भाषांचे शब्दसुद्धा सख्ख्या बहिणींसारखे दिसतात. आणि वस्तू तर त्याच. तीच शेगडी, तोच ओवा, तीच मऊ जुन्या लुगड्याची दुपटी.

बाळ आलं की घरातल्या प्रत्येकाचं काम ठरलेलं असे. पहिलं बाळंतपण माहेरी, दुसरं सासरी. स्वयंपाक जावेकडं, न्हाऊ घालणं सुईणीकडं, गुटी उगाळणं आजीकडं, पाळणा टांगणं घरातल्या पुरुषांकडं. कुणाला विचारावं लागत नसे. आज आपण ज्याला 'ॲडजस्टमेंट' म्हणतो, ती त्या काळी रिवाजानं करून ठेवलेली होती.

हा रिवाज किती जुना? आपल्या जैन परंपरेपुरतं सांगते. नवव्या शतकात आचार्य जिनसेनांनी आदिपुराण लिहिलं. मान्यखेटच्या राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाचे ते गुरू. मान्यखेट म्हणजे आजच्या कलबुर्गी जिल्ह्यातलं मळखेड, म्हणजे हे आपल्याच भागातलं लेखन. त्यात गृहस्थाच्या ५३ गर्भान्वय क्रिया सांगितल्या आहेत. आपण त्या पूजेच्या पुस्तकातली नावं म्हणून ऐकतो आणि सोडून देतो. पण एका आईच्या नजरेनं वाचल्या तर वेगळंच दिसतं. तिसऱ्या महिन्यात प्रीती, पाचव्यात सुप्रीती, सातव्यात धृती, नवव्यात मोद. जन्माच्या वेळी प्रियोद्भव. बारा दिवसांनंतर नामकर्म. त्यात जिनेंद्रांच्या १००८ नावांमधून चिठ्ठी काढून नाव ठेवायचीही सोय आहे. म्हणजे नावावरून भांडण नको! मग दोन-चार महिन्यांनी बहिर्यान, म्हणजे बाळाला प्रसूतिघरातून बाहेर आणणं, आईच्या किंवा दाईच्या मांडीवरून. नंतर निषद्या, म्हणजे त्याला आसनावर बसवणं. सातव्या-आठव्या महिन्यात अन्नप्राशन. वर्षानं व्युष्टी.

यात मला दोन गोष्टी फार आवडतात. एक, बाळ घरात एकदम येत नाही, पायरी पायरीनं येतं. आधी खोलीत, मग बाहेर, मग आसनावर, मग ताटावर. घराला सवय व्हायला वर्ष दिलेलं आहे. दुसरी, बहिर्यानाच्या वेळी नातेवाइकांनी बाळाला जे काही दिलं ते त्याचं म्हणून जपून ठेवायचं आणि मोठेपणी त्याला वडिलांचं धन मिळेल तेव्हा तेही हाती द्यायचं. दोन महिन्यांच्या जिवाला घरातला एक हक्कदार म्हणून धरलेलं आहे.

पण खोलीचं गुणगान एवढ्यावर थांबवते, कारण माझ्या आईची गोष्ट सांगायची आहे.

आईचं पहिलं बाळंतपण चिकोडी तालुक्यातल्या तिच्या माहेरी झालं, १९५० च्या आसपास. मुलगा झाला. गुटगुटीत, रडका, छान पिणारा. सहाव्या दिवशी त्यानं दूध ओढणं सोडलं. जबडा आवळला, अंग ताठ झालं. आठव्या दिवशी तो गेला. घरात म्हणाले, सटवाईनं नेला. आईनं तेच मानलं. मी मोठी झाल्यावर, लसी वगैरे कळायला लागल्यावर, मला कळलं की तो धनुर्वात होता. नाळ कापायला जे काही हाताशी असेल ते वापरलं जाई. विळा, जुनं पातं. वर राख नाही तर शेणी लावत. जंतू तिथून आत शिरत आणि आठवड्याभरात बाळ जाई. पाचवी-सहावीच्या पूजेची धास्ती आणि बाराव्या दिवसापर्यंत नाव न ठेवणं यामागं अशाच अनेक आयांचा अनुभव असावा, असं मला आता वाटतं. तेवढे दिवस काढले की बाळ आपलं.

हे फक्त खेड्यात होत होतं असं नाही. आनंदीबाई जोशी आठवा. १८६५ साली कल्याणला जन्मलेली ही मुलगी चौदाव्या वर्षी आई झाली आणि तिचं बाळ दहा दिवसांत गेलं. वैद्यकीय मदत मिळाली नाही. त्या दुःखातून ती अमेरिकेला जाऊन १८८६ मध्ये डॉक्टर झाली. तिनं पदवीसाठी प्रबंध लिहिला तो कशावर? आपल्याकडच्या प्रसूतिशास्त्रावर! बाळंतिणीच्या खोलीतून निघालेली बाई त्याच खोलीवर विचार करत होती. १८८७ मध्ये, बावीस वर्षं पुरी व्हायच्या आतच ती गेली.

त्याच सुमाराला, १८८५ मध्ये, डफरिन फंड निघाला आणि बायकांसाठी बायकांचे दवाखाने उभे राहू लागले. १९२९ मध्ये सारडा कायदा आला, लग्नासाठी मुलीचं वय चौदा ठरलं. त्याच वर्षी मुंबई इलाख्यात गिरणी-कारखान्यातल्या बायकांसाठी बाळंतपणाच्या भत्त्याचा कायदा झाला. देशातला तो पहिला. तेव्हा आपलं बेळगावही मुंबई इलाख्यातच होतं, म्हैसूर राज्यात गेलं ते १९५६ साली. पुढं १९६१ च्या कायद्यानं नोकरदार बाईला बारा आठवडे रजा दिली. २०१७ मध्ये पहिल्या दोन मुलांसाठी ती सव्वीस आठवडे झाली. २००५ च्या जननी सुरक्षा योजनेनं गरीब घरातल्या बायाही दवाखान्यात जाऊ लागल्या. कर्नाटकात 'मडिलु' नावाचं एक किट निघालं, त्यात आई-बाळाच्या गरजेच्या वस्तू असत. मडिलु म्हणजे मांडी, ओटी. सरकारनं जणू ओटीच भरली! आणि २०१५ मध्ये भारतातून आई-बाळाच्या धनुर्वाताचं उच्चाटन झाल्याचं जाहीर झालं. ती बातमी वाचून मी पेपर बाजूला ठेवला आणि बराच वेळ आईच्या त्या पहिल्या मुलाचा विचार करत बसले. त्याला नावसुद्धा नव्हतं.

म्हणून कुणी "पूर्वीचंच बरं होतं" म्हणालं की मी गप्प बसत नाही. बरं नव्हतं.

पण सगळंच वाईट होतं का? इथं मला माझी स्वतःची गोष्ट सांगावी लागेल.

माझं दुसरं बाळंतपण सासरी, १९८१ साली. प्रसूती दवाखान्यात झाली, पण चौथ्या दिवशी घरी आले ती थेट त्या खोलीत. दहा दिवस घराला सोयर आणि मला पंचेचाळीस दिवस मंदिर बंद. मला कुणी शिवायचं नाही. माझी थोरली अडीच वर्षांची होती. तिला सांगितलं, आत जायचं नाही. ती उंबऱ्याबाहेर उभी राहायची. एक पाय आत टाकायची, आक्कांनी हाक मारली की मागं घ्यायची. पहिल्या दिवशी रडली. दुसऱ्या दिवशी रडली. चौथ्या दिवशी रडली नाही, नुसतीच बघत उभी राहिली. दहा दिवसांनी मी हात पुढं केले तेव्हा ती लगेच आली नाही.

त्या खोलीत मी खूप रडले. का ते मलाही सांगता येत नव्हतं. आक्कांनी दृष्ट काढली. त्यांना माझी काळजी होतीच, पण रडणाऱ्या बाळंतिणीला काय विचारायचं असतं ते त्यांनाही कुणी शिकवलं नव्हतं. आज डॉक्टर सांगतात की बाळंतपणानंतरचं नैराश्य हा आजार आहे आणि त्यावर उपाय आहे.

तरीही एक खरं बोलते. त्या पंचेचाळीस दिवसांत मला कुणी एक भांडं घासायला लावलं नाही. रात्री बाळ रडलं की आक्का उठायच्या. लेकुरवाळीला भूक लागते म्हणून सूर्यास्तानंतर खायची सूटही त्यांनीच दिली, ज्या स्वतः चार वाजता जेवून मोकळ्या व्हायच्या. विटाळाच्या नावाखाली का होईना, मला विश्रांती मिळाली. 'शिवू नका' या शब्दात अपमान होता आणि संरक्षणही होतं, आणि दोन्ही इतके एकमेकांत गुंतले होते की वेगळं करायचं कुणाला सुचलंच नाही.

२०१९ मध्ये माझ्या सुनेचं दुसरं बाळंतपण आमच्याकडं झालं. आता दोन बेडरूमचा फ्लॅट. खोली नाही, बाज नाही. आठव्या महिन्यातच ती म्हणाली, "आई, सोयर पाळा तुम्ही मंदिरापुरतं. पण मला कुणी शिवायचं नाही, हे मला जमणार नाही. छोटीला तर मी लांब ठेवणारच नाही."

माझ्या डोळ्यांपुढं उंबऱ्यावरची माझी थोरली आली. मी म्हटलं, "विटाळ सोडू. दिवस मात्र सोडायचे नाहीत. पंचेचाळीस दिवस तू स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं नाहीस."

ती हसली. "हे चालेल."

मग आम्ही घर नव्यानं बसवलं. मोठी बेडरूम तिला आणि बाळाला, खिडक्या उघड्या. धुरी बंद, कारण धुरानं बाळाच्या छातीला त्रास होतो. मुलगा केंद्र सरकारच्या नोकरीत, त्याला पंधरा दिवसांची पितृत्व रजा मिळाली. पहिले दोन दिवस तो नुसता फोन घेऊन बसला होता. मी म्हटलं, "अरे, रजा तुला विश्रांतीला नाही मिळाली." तेव्हापासून रात्री बाळाला ढेकर काढणं आणि लंगोट बदलणं त्याच्याकडं गेलं. पाच वर्षांच्या नातीला दुपट्यांच्या घड्या घालायचं काम दिलं. घड्या वाकड्या व्हायच्या, पण ती खोलीत हक्कानं येत-जात राहिली. रोज दुपारी अर्धा तास बाळ माझ्याकडं आणि आई फक्त थोरलीची, असं ठरवलं.

एका गोष्टीत जुनं-नवं छान जमलं. एक पाहुण्या बाई म्हणाल्या, बाळाला मध चाटवा. आपल्याकडं मध वर्ज्यच. सून म्हणाली, डॉक्टरांनीही वर्षाच्या आत मध देऊ नका म्हणून बजावलंय. आचार आणि औषध एकाच बाजूला उभे राहिले, पाहुण्या बाई गप्प!

पंचेचाळिसाव्या दिवशी बाळाला घेऊन आम्ही मंदिरात गेलो. त्याच्या कानात णमोकार मंत्र सांगितला. नात पुढं होऊन म्हणाली, "मी पण सांगणार." तिनंही सांगितला, मधली एक ओळ गाळून.

मैत्रिणींनो, आता तुमच्या घरात बाळ येणार असेल तर एवढंच म्हणेन. ती अंधारी खोली, धूर, न उकळलेलं पातं आणि शिवाशिव जाऊ दे. ती गेली हे चांगलंच झालं. पण खोलीबरोबर ते पंचेचाळीस दिवसही जाऊ देऊ नका. आज दवाखान्यातून तिसऱ्या दिवशी घरी आलेली मुलगी आठव्या दिवशी कणीक मळताना दिसते, आणि वर लोक म्हणतात, "बघा, किती धडधाकट!" मला त्याचं कौतुक वाटत नाही. कायद्यानं नोकरीतून सुट्टी दिली, घरातून सुट्टी द्यायचं काम आपलंच आहे, आणि ते आता फक्त सासू-जावेचं नाही, नवऱ्याचंही आहे.

जुनं घर आम्ही चार वर्षांपूर्वी विकलं. रिकामं करताना माझी थोरली आली होती. त्या खोलीच्या दारात ती थोडा वेळ थांबली. मला वाटलं, हिला काही आठवत असेल का? विचारायचं धाडस झालं नाही. मग तीच म्हणाली, "आई, खोली किती लहान आहे गं. मला वाटायचं खूप मोठी आहे."

मी तिचा हात धरला आणि आम्ही दोघी आत गेलो.