पॅसिफिकचें पाणी आणि शिरूरचा पाऊस

पुणें सोडून सणसवाडीवरून शिरूरकडे जावें तसतसा पाऊस उणावत जातो. सह्याद्रीनें मेघांचें बहुतेक पाणी आधींच उतरवून घेतलेलें असतें. शिरूर-दौंडच्या वाट्यास येतें तें उरलेंसुरलें. अशा मुलखांत १८७६ सालीं पाऊस बुडाला आणि १८७७ सालींही त्यानें दगा दिला. पुण्याच्या सार्वजनिक सभेनें रयतेची हलाखी सरकारपुढें मांडली. दौंड-मनमाड लोहमार्गाच्या मातीकामावर अन्नास मोताद झालेलीं माणसें राबलीं. १८७७ च्या अवर्षणाचें मूळ हजारों कोसांवरील पॅसिफिक महासागरांत होतें, हें तेव्हां कोणासच ठाऊक नव्हतें.

हिंदुस्थान सरकारचें हवामानखातें १८७५ मध्यें निघालें होतें. हिमालयावरील बर्फ पाहून तें पावसाचे अंदाज बांधी. परंतु १८९९ सालीं पाऊसही फसला व अंदाजही. १९०४ मध्यें केंब्रिजचे गणिती गिल्बर्ट वॉकर खात्याचे प्रमुख झाले. हिंदी गणकांच्या साह्यानें त्यांनीं जगभरच्या वेधशाळांचे आंकडे ताडून पाहिले. पॅसिफिकवर हवेचा दाब चढला कीं हिंदी महासागरावर तो उतरतो. आणि तिकडे उतरून इकडे चढला कीं हिंदुस्थानांत पाऊस बहुधा कमी पडतो, असें त्यांस आढळलें. या हेलकाव्यास त्यांनीं ‘दक्षिणी आंदोलन’ हें नांव दिलें. कारण मात्र त्यांस सांपडलें नाहीं.

तें १९६९ मध्यें याकोब बियर्कनेस यांनीं उलगडलें. पूर्वेकडून वाहणारे वारे पॅसिफिकचें ऊन पाणी इंडोनेशियाकडे लोटतात. तेथें हवा तापून वर चढते व पाऊस पडतो. वारे मंदावले कीं तें पाणी पूर्वेस पसरतें, आणि त्यामुळें वारे आणखी मंदावतात. मेघांचा उभार पूर्वेस सरकतो व हिंदुस्थानावरील पाऊस खुंटतो. पेरूच्या कोळ्यांनीं आपल्या किनाऱ्याच्या ऊन पाण्यास दिलेलें ‘एल निनो’ हें नांव पुढें या साऱ्या घटनेस रूढ झालें.

तथापि हा नियम अढळ नव्हे. १९९७ सालीं एल निनो अत्यंत प्रबळ असूनही भारतांत सरासरीइतका पाऊस झाला. हिंदी महासागराचा पश्चिम भाग तेव्हां तापला होता व तेंच अनुकूल ठरलें, असें अनेक शास्त्रज्ञ मानतात.

१९७२ सालीं पॅसिफिक पुनः तापला व महाराष्ट्र करपला. परंतु त्या वेळीं लाखों लोकांस रस्ते व पाझर तलावांच्या कामांवर मजुरी मिळाली, आणि त्या अनुभवांतूनच रोजगार हमी योजना उभी राहिली. आतां पॅसिफिकच्या तापण्याची चाहूल बहुधा पेरणीपूर्वीं लागते. तेवढ्या अवधींत सरकारास कामें आंखतां येतात आणि शिरूरच्या शेतकऱ्यास गुरांची वैरण राखून ठेवतां येते.