निक्सी नलिका घड्याळ

निक्सी नलिका घड्याळ : निऑन वायूने भरलेल्या काचेच्या नलिकांत उजळणाऱ्या अंकांद्वारे वेळ दर्शविणारे इलेक्ट्रॉनीय घड्याळ. या नलिका मुळात घड्याळांसाठी तयार झालेल्या नव्हत्या. मोजमापाची उपकरणे व गणनयंत्रे यांसाठी त्या निर्माण झाल्या, सु. वीस वर्षांत त्या कामातून बाद झाल्या आणि नंतर हौशी तंत्रज्ञांनी घरच्या मेजावर जुळविलेल्या घड्याळांत त्यांना दुसरे आयुष्य लाभले.

दुसऱ्या महायुद्धानंतर विद्युत् स्पंद मोजणारी उपकरणे प्रचारात आली. त्यांची मोजणी अचूक असे. परंतु वाचन गैरसोयीचे होते. संख्येतील प्रत्येक स्थानासाठी ० ते ९ अशा दहा लहान दिव्यांचा उभा स्तंभ असे व कोणता दिवा लागला आहे हे पाहून संख्या मनात जुळवावी लागे. दिव्याऐवजी अंकच प्रकाशमान व्हावा, या गरजेतून निक्सी नलिका पुढे आली. अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यातील हेडू ब्रदर्स या निर्वात नलिका तयार करणाऱ्या प्रयोगशाळेत तिचा विकास झाला. ही संस्था बरोज कॉर्पोरेशन या गणनयंत्रांच्या कंपनीने विकत घेतली व १९५५ मध्ये नलिका बाजारात आणली. ‘प्रायोगिक अंकदर्शक क्र. १’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दांचे ‘निक्स–१’ असे संक्षिप्त रूप एका आरेखकाने आराखड्यावर लिहिले व त्यावरून हे नाव पडले, असे सांगतात. ‘निक्सी’ हे बरोजचे व्यापारी नाव असले, तरी पुढे इतरांच्या नलिकांनाही तेच रूढ झाले.

रचना व कार्य : नलिकेत पातळ धातूच्या पत्रीतून किंवा तारेतून घडविलेले दहा अंक एकामागे एक बसविलेले असतात. प्रत्येक अंक हे स्वतंत्र ऋणाग्र असते व त्या सर्वांना मिळून बारीक जाळीचे एकच धनाग्र असते. आत कमी दाबाचा निऑन वायू भरतात. धनाग्र व एखादा अंक यांत सु. १७० व्होल्ट विद्युत् दाब लावला की वायूचे आयनीभवन (विद्युत् भारित अणूंत रूपांतर) होऊन त्या अंकाभोवती नारिंगी दीप्तीचे आवरण तयार होते. साध्या दिव्यातील तारेप्रमाणे येथे धातू तापून प्रकाशत नाही. प्रकाशतो तो त्याला लगटून असलेला वायू. म्हणूनच बाजूने पाहिले असताही अंकाची आकृती मऊ व सजीव भासते. अंक मागेपुढे असल्याने बदलताना ते काचेच्या आत खोलीत ये-जा करतात. ते अनुक्रमाने नव्हे, तर एकमेकांस कमीत कमी झाकतील अशा क्रमाने रचतात. काही सोव्हिएट नलिकांत इंग्रजी ‘५’ म्हणून ‘२’ चीच पत्री उलटी बसविलेली आढळते.

या नलिका कंप्रतामापक, व्होल्टमापक इत्यादींत सर्वत्र दिसू लागल्या. १९६१ मध्ये ब्रिटनमध्ये विक्रीस आलेल्या ‘अनिता’ या इलेक्ट्रॉनीय गणनयंत्रातही उत्तर अशाच नलिकांत उमटे. १९७० नंतर मात्र प्रकाश उत्सर्जक द्विप्रस्थ व अन्य दर्शकांनी त्यांची जागा घेतली. त्यांना काही व्होल्टच पुरत, ते स्वस्त होते व फुटत नसत. सोव्हिएट संघात उत्पादन अधिक काळ टिकले. तो १९९१ मध्ये विघटित झाल्यावर गोदामांतील न वापरलेल्या नलिका जगभर विकल्या जाऊ लागल्या. अंकांची उंची १८ मिमी. असलेली ‘इन–१४’ ही नलिका त्यामुळे हौशी मंडळींना सुपरिचित झाली.

घरगुती बांधणी : प्रारंभीच्या घड्याळांत वीजपुरवठ्याची कंप्रता हाच लोलक असे. ५० हर्ट्झ प्रवाहाचे स्पंद ५० ने भागून सेकंद, त्यास ६० ने भागून मिनिट व पुन्हा ६० ने भागून तास मिळवीत. ७४९० सारख्या संकलित मंडलांनी ही विभागणी होई व ७४१४१ हे मंडल योग्य अंकाची तार जोडून देई. पद्धत सोपी होती. पण घड्याळाची अचूकता वीजकेंद्रांच्या स्वाधीन राही. कंप्रता ४९.५ हर्ट्झवर उतरल्यास घड्याळ तासाला ३६ सेकंद मागे पडते. भारतात २००२ पूर्वी कंप्रता बरीच ढळत असे. त्या काळी येथे असे घड्याळ वेळ राखू शकले नसते. पुढे सेकंदास ३२,७६८ आंदोलने करणारा क्वॉर्ट्झ स्फटिक वापरला जाऊ लागला. ही संख्या दोनाचा पंधरावा घात असल्याने पंधरा वेळा निम्मी करून सेकंद मिळतो.

प्रत्येक नलिकेस रोधक जोडणे आवश्यक असते. वायू एकदा प्रकाशला की त्याचा रोध घटतो व प्रवाह अनिर्बंध वाढून नलिका नष्ट होऊ शकते. १८० व्होल्ट पुरवठा, नलिकेतील १४० व्होल्ट पात व २.५ मिलिअँपिअर प्रवाह धरल्यास १६ किलोओहम रोध लागतो. हा पुरवठा जिवाला धोकादायक असतो, हे नवशिक्यास पुष्कळदा उशिरा कळते. घड्याळ बंद केल्यावरही धारित्रात भार शिल्लक राहतो.

घड्याळातच या नलिकांचे एक दुखणे विशेष जाणवते. प्रकाशणाऱ्या अंकाच्या पृष्ठभागावरून धातूचे कण उडतात व शेजारच्या न पेटलेल्या अंकांवर बसतात. चोवीस तासांच्या घड्याळात तासांच्या दशकस्थानी ०, १ व २ एवढेच अंक लागतात. मिनिटांच्या दशकस्थानी ६ ते ९ कधीच लागत नाहीत. जे लागतात त्यांवर फारसे काही साचत नाही; जे लागत नाहीत ते वर्षानुवर्षे लेपले जाऊन पुढे पेटविले तरी तुकड्यातुकड्यांनीच उजळतात. वायूत अल्पसा पारा मिसळल्यास धातूची ही झीज बरीच कमी होते. पाराविरहित नलिकांचे आयुष्य काही हजार तास, तर पारायुक्त नलिकांचे त्याच्या कित्येक पट असते. तरीही जाणते कारागीर रात्री काही मिनिटे सर्व अंक आळीपाळीने पेटवून घेण्याची व्यवस्था घड्याळात करतात. वेळ सांगण्यास ज्यांची गरज नाही, त्या अंकांसाठी ही मेहनत असते.

जुना साठा मर्यादित आहे व फुटलेल्या नलिकेची दुरुस्ती होत नाही. नव्या नलिका करणे त्याहून अवघड ठरले. कारखाने बंद झाले तेव्हा यंत्रांबरोबर कामगारांचे हस्तकौशल्यही विखुरले होते. काच व तिच्यातून बाहेर येणाऱ्या तारा उष्णतेने सारख्याच प्रमाणात प्रसरण पावल्या पाहिजेत. तसे न झाल्यास सांध्यास सूक्ष्म तडा जातो, हवा आत शिरते व दीप्ती विझते. चेक प्रजासत्ताकातील दालिबोर फार्नी यांनी २०१० नंतरच्या दशकात हे तंत्र नव्याने आत्मसात करून मोठ्या आकाराच्या नलिका हाताने घडविण्यास आरंभ केला. बर्लिनमध्ये पूर्वी तयार होणाऱ्या ‘झेड५६८एम’ या नलिकेच्या धर्तीवरील त्यांची नलिका घड्याळांसाठीच घेतली जाते.