अप्रेंटिस केलं, मग नोकरी कुठंय? परळी ते सुप्रीम कोर्ट

आजचा एपिसोड आयटीआयवाल्यांसाठी आहे. घरात कुणी आयटीआय करत असेल तर त्यांच्यासाठीही. म्हणजे आपल्या बीड जिल्ह्यात जवळपास सगळ्यांसाठीच.

प्रश्न साधा आहे. महावितरण, एसटी, रेल्वे किंवा परळीच्या थर्मलला वर्षभर अप्रेंटिस म्हणून राबलं, की तिथल्या नोकरीवर आपला हक्क तयार होतो का? गावात पारावर विचाराल तर उत्तर ठरलेलं असतं, "एकदा आत शिरलं की चिकटतंच." कायद्याचं उत्तर मात्र वेगळं आहे. ते तसं का आहे, हे कळायला थोडं मागं जावं लागेल.

अमेरिकेत कम्युनिटी कॉलेज जे काम करतं, म्हणजे घराजवळ, कमी फीमध्ये, हाताला काम शिकवणं, ते आपल्याकडं आयटीआयनं केलं. १९५० साली केंद्र सरकारनं कारागीर प्रशिक्षण योजना सुरू केली. देशात कारखाने उभे राहत होते आणि फिटर, वायरमन, टर्नर लागत होते. पण नुसतं वर्गात शिकून फिटर होत नाही, खऱ्या मशीनवर हात बसावा लागतो. म्हणून १९६१ साली शिकाऊ उमेदवार कायदा आला आणि १ मार्च १९६२ पासून लागू झाला. मोठ्या आस्थापनांनी ठरावीक संख्येनं शिकाऊ उमेदवार घ्यायचे, त्यांना विद्यावेतन द्यायचं, असं बंधन आलं. १९७३ च्या दुरुस्तीनं डिप्लोमा आणि डिग्रीवाले इंजिनिअरही त्यात आले.

आपल्याकडं तेव्हा कारखाने होतेच कुठं? दिवाळीच्या आसपास निम्मा गाव कोयता घेऊन ऊसतोडीला जाणार, हीच सवय. १९७१ मध्ये परळीत वीजनिर्मिती सुरू झाली. पहिले दोन संच फक्त ३० मेगावॅटचे. पुढं १९८० च्या दशकात २१० मेगावॅटचे संच आले. वैद्यनाथाच्या गावाला धुराड्यांची ओळख मिळाली आणि आयटीआयच्या पोराला 'बोर्डात लागणं' हे स्वप्न मिळालं. बोर्ड म्हणजे वीज मंडळ.

आता मेख बघा. १९६१ च्या कायद्याचं कलम २२ सांगत होतं, की प्रशिक्षण संपल्यावर उमेदवाराला नोकरी देणं मालकावर बंधनकारक नाही. आणि दिली तरी ती घेणं उमेदवारावरही बंधनकारक नाही. करारातच तशी अट असेल तर गोष्ट वेगळी. कलम १८ नुसार अप्रेंटिस हा कामगारच नाही, तो प्रशिक्षणार्थी आहे. त्यामुळं 'इतके दिवस काम केलं, आता कायम करा' हा मुद्दा इथं चालत नाही. कामावर इजा झाली तर भरपाईची तरतूद मात्र आहे, हे लक्षात ठेवा.

ही सरळ फसवणूक होती का? मला तसं वाटत नाही. सगळ्यांना नोकरी द्यायची सक्ती केली असती तर मालकांनी शिकवायला घेतलेच असते फक्त जागा असतील तेवढे. कायद्याला शिकलेले हात वाढवायचे होते. गडबड पुढं झाली. जिथं दुसरे कारखाने होते, तिथं शिकलेला पोरगा शेजारच्या गेटवर जाऊ शकत होता. पुण्यात, पिंपरीत हे जमलं. परळीत शेजारचं गेट कुठलं?

हाच प्रश्न उत्तर प्रदेशातून सुप्रीम कोर्टात गेला. तिथल्या एसटी महामंडळात अप्रेंटिस करून बेकार बसलेल्या तरुणांची संघटना लढत होती. १२ जानेवारी १९९५ ला निकाल आला. कोर्ट म्हणालं, नोकरीची हमी नाही. पण बाकी सगळं समान असेल तर थेट येणाऱ्या उमेदवारापेक्षा प्रशिक्षितांना प्राधान्य द्या. रोजगार कार्यालयाकडून नाव यायची अट नको. वयाबाबत भरतीचे नियम गप्प असतील तर प्रशिक्षणाच्या काळाइतकी सवलत द्या. आधी शिकलेल्याला आधी संधी द्या.

२०१४ मध्ये कलम २२ बदललं. आता प्रत्येक मालकानं अप्रेंटिसच्या भरतीचं स्वतःचं धोरण ठरवायचं आहे. रेल्वेनं ते ठळकपणे केलं: लेव्हल १ च्या भरतीत २० टक्के जागा रेल्वेतच अप्रेंटिस पूर्ण केलेल्यांसाठी. परीक्षा मात्र द्यावीच लागते.

मधल्या काळात परळीचं काय झालं? २००५ मध्ये वीज मंडळाच्या वेगवेगळ्या कंपन्या झाल्या. जुने संच बंद पडत गेले आणि २०१५ च्या दुष्काळात तर पाण्याअभावी अख्खं केंद्र थांबलं. म्हणजे ज्या एका दारावर जिल्ह्याचा डोळा, तेच अरुंद होत गेलं.

आणि २०२४ मध्ये हीच गोष्ट नव्या नावानं आली, मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना. बारावीला ६,०००, आयटीआय-डिप्लोमाला ८,०००, पदवीला १०,००० रुपये महिना. सहा महिन्यांची मुदत पुढं अकरा महिने झाली. ती संपल्यावर 'कायम करा' म्हणून राज्यभर आंदोलनं झाली. त्या पोरांचं दुःख खोटं नाही. ऑफिसात खुर्ची मिळाली, लोक 'साहेब' म्हणायला लागले, आणि एक दिवस मुदत संपली. पण योजनेचा पाया १९६१ चाच आहे: शिकवू, नोकरीचं वचन नाही.

आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना इंटर्नशिपनंतर कधीकधी थेट ऑफर मिळते. सरकारात तसं होऊ शकत नाही, कारण ती जागा सगळ्यांसाठी खुल्या भरतीनंच भरावी लागते. ते योग्यही आहे. नाहीतर आत शिरायलाच वशिला लागेल.

मग अप्रेंटिस करायचं का? जरूर करा. फक्त तीन गोष्टी सांभाळा. करार सरकारी पोर्टलवर नोंदलाय का, ते पहिल्याच महिन्यात बघा. शेवटची परीक्षा देऊन राष्ट्रीय प्रमाणपत्र घ्याच, अनुभवाच्या साध्या पत्रावर थांबू नका. आणि भरतीची जाहिरात आली की त्यात अप्रेंटिससाठी राखीव जागा किंवा वयाची सवलत काय लिहिलीय, ते शेवटच्या पानापर्यंत वाचा. १९९५ चं प्राधान्य घरी चालत येत नाही, अर्जात मागावं लागतं.

सप्टेंबर २०२५ मध्ये बीड शहरात रेल्वे पोचली. मंजुरी १९९५ ची, म्हणजे त्या निकालाच्याच वर्षाची. तीस वर्षं वाट पाहायची सवय आपल्याला आहे. पण पोराच्या वयाची अट तेवढी थांबत नाही, एवढं ध्यानात ठेवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!